चांदीचं कापड त्वचेपासून एक पदर मागे ठेवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मांडीच्या पुढच्या स्नायूला, म्हणजे क्वाड्रिसेप्सला, विद्युत उत्तेजन देण्यासाठी धुऊन पुन्हा वापरता येईल असा पट्टा बनवला आहे. त्यात चांदीचा मुलामा असलेल्या नायलॉनच्या विणीच्या कापडाचे ५ × १० सें.मी.चे दोन इलेक्ट्रोड आहेत. जेलच्या चिकट पॅडने ५० मिलिअँपिअर सहज सोसतात, पण या कापडाने २० लाच मुंग्या चावल्यासारखं टोचतं. दहा-बारा धुण्यांनंतर त्रास आणखी वाढतो. आणखी कमी अवरोधाचं, महाग कापड घ्यावं का?

घेऊ नका. कापडाचा अवरोध ही इथली अडचणच नाही. एका इलेक्ट्रोडपासून त्वचा, चरबी, स्नायू आणि परत दुसऱ्या इलेक्ट्रोडपर्यंतच्या वाटेत साधारण १००० ओहमच्या आसपास अवरोध असतो. त्यात तुमच्या कापडाचे २ ओहम असोत की २० ओहम, रुग्णाला फरक कळणार नाही. त्याला कळतं ते इलेक्ट्रोडच्या ५० चौ.सें.मी.पैकी खरोखर किती भाग त्वचेला टेकला आहे.

जेल मऊ असतं, त्वचेच्या प्रत्येक सुरकुतीत शिरतं. विणलेलं कापड त्वचेला टेकतं ते धाग्यांच्या उंचवट्यांवर. मधल्या खळग्यांत हवा असते, केसांच्या बुंध्यांपाशी आणखी हवा असते. यंत्र ठरलेला प्रवाह ढकलत राहतं आणि तो जिथे वाट मिळेल तिथून आत घुसतो. टोचण्याचं मूळ तिथे आहे.

आकडे मांडून पाहू. ५० मिलिअँपिअर, दोन्ही दिशांचा समतोल स्पंद, प्रत्येक दिशेला ३०० मायक्रोसेकंद, वारंवारता ४० हर्ट्झ. चालू काळात याचं आरएमएस मूल्य, म्हणजे तेवढीच उष्णता देणाऱ्या सतत प्रवाहाएवढं मूल्य, सुमारे ७.७५ मिलिअँपिअर होतं. पूर्ण ५० चौ.सें.मी.वर पसरलं तर प्रति चौ.सें.मी. ०.१६ मिलिअँपिअर, म्हणजे अगदी सौम्य. स्नायू-नसांना उत्तेजन देणाऱ्या यंत्रांच्या आयईसी ६०६०१-२-१० या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ही घनता २ मिलिअँपिअरच्या वर जात असेल, तर वापरणाऱ्याला विशेष सावध करावं लागतं. तुमच्या पट्ट्यात तो आकडा गाठायला प्रत्यक्ष संपर्क ४ चौ.सें.मी.च्या खाली यावा लागेल. अशक्य वाटतं, पण कोरड्या कापडाचा एक कोपराच टेकलेला असला की नेमकं हेच होतं. आणि टोचणं या आकड्याच्या बरंच आधी सुरू होतं.

आपल्याकडच्या फिजिओथेरपी विभागांत याचं उत्तर फार जुनं आहे. फॅराडिक उत्तेजन, म्हणजे छोट्या स्पंदांनी स्नायू आकुंचवणारा प्रवाह, देताना धातूची पट्टी कधीच थेट त्वचेवर ठेवत नाहीत. तिच्याखाली लिंटच्या, म्हणजे मऊ सुती, कापडाची आठेक पदरांची ओली घडी असते, आणि ती पट्टीपेक्षा सगळ्या बाजूंनी साधारण सेंटिमीटरभर मोठी असते. नव्या कापडाच्या उत्साहात ही घडी टाकून दिली जाते आणि चांदी थेट त्वचेवर येते. ती घडी परत आणा, पण पातळ आणि आखीव. चांदीचं काम इलेक्ट्रोडभर प्रवाह पसरवणं. त्वचेला टेकण्याचं काम ओल्या कापडाचं.

हा ओला पदर केवळ खळगे भरत नाही. नळाच्या पाण्याची वाहकता सेंटिमीटरला ५०० मायक्रोसीमेन्स धरली, तर दीड मिलिमीटर जाड ओल्या थराचा अवरोध दर चौ.सें.मी. सुमारे ३०० ओहम येतो. पूर्ण इलेक्ट्रोडवर मिळून तो जेमतेम ६ ओहम, म्हणून यंत्रावर काहीच भार नाही. पण एखादं घामाचं रंध्र किंवा बारीक ओरखडा जास्त प्रवाह ओढू लागला, तर त्याच्या समोरचा हा थर त्याला आवर घालतो. काठावर प्रवाह एकवटतो, तोही यामुळे सौम्य होतो. चांगल्या जेल पॅडमध्ये जेलचा थर हेच करत असतो.

आता मिठाचं. अनेक जण ०.९ टक्के सलाइन वापरतात, कारण ते 'चांगलं वाहक' असतं. तोच थर सलाइनने भिजवला तर त्याचा अवरोध दर चौ.सें.मी. १० ओहमच्या खाली येतो आणि आवर घालणारं काही उरत नाही. शिवाय खारट पाणी पट्ट्यात पसरून इलेक्ट्रोडच्या बाहेर वाटा काढतं आणि चांदीवर क्लोराइडचा थर चढवतं. उलट टोकाला आरओचं किंवा ऊर्ध्वपातित पाणी. त्याचा थर इतका अवरोधक असतो, की जिथे कापड दाबून पातळ झालंय तिथूनच प्रवाह निघतो. म्हणजे पुन्हा टोचणं. साधं नळाचं पाणी उत्तम. आरओचंच असेल तर लिटरला पाव ग्रॅम ते एक ग्रॅम मीठ पुरे. मराठवाड्यातल्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत पाणी लवकर उडतं, तेव्हा १०० मिलिलिटर पाण्यात ५ मिलिलिटर ग्लिसरीन घातलं तर सुकणं लांबतं. कोकणातल्या पावसाळ्यात त्याची गरज पडत नाही. तिथे काळजी असते ती पट्टा नीट वाळण्याची आणि बुरशीची.

रचना त्वचेकडून बाहेर अशी करा. सगळ्यात आत व्हिस्कोजचं पाणी धरणारं न विणलेलं कापड किंवा सुती फ्लॅनेलचे दोन पदर, दाबल्यावर जाडी १ ते १.५ मि.मी. हा पदर खोळीसारखा काढता-घालता येईल असा शिवा आणि चांदीच्या काठापासून सगळीकडे ५ मि.मी. बाहेर राहू द्या. त्यामागे चांदीची वीण. तिचे कोपरे किमान १० मि.मी. त्रिज्येने गोल कापा, कारण टोकदार कोपऱ्यात प्रवाह साचतो. चांदीच्या मागे २ ते ३ मि.मी. सेल्युलोजचा स्पंज, हा पाण्याचा साठा. वीण सच्छिद्र असल्यामुळे पाणी तिच्यातून पुढे झिरपत राहतं. स्पंजच्या मागे टीपीयूची, म्हणजे उष्णतेने चिकटणाऱ्या लवचीक प्लास्टिकची, पातळ फिल्म, म्हणजे पाणी मागून उडणार नाही आणि बाहेरच्या कापडात जाणार नाही. त्यामागे ६ मि.मी. मऊ फोम आणि शेवटी पट्टा.

चांदीच्या कापडाला ओव्हरलॉक किंवा पिको करू नका. कापलेल्या काठाचे धागे सुटतात, उभे राहतात आणि खोळीतून आरपार टोचतात. काठावर ३ ते ४ मि.मी. रुंदीची टीपीयूची चौकट इस्त्रीने किंवा हीट प्रेसने चिकटवा. तापमान फिल्मच्या माहितीपत्रकात दिलेलंच ठेवा, कारण नायलॉन ६ सुमारे २२० अंश सेल्सिअसला वितळतं आणि मुलामा त्याच्या आधीच सैल पडू शकतो. चांदीची वीण ताणायला छान असली, तरी इलेक्ट्रोडच्या जागी तिला ताणू देऊ नका. ताणाने मुलाम्याला सूक्ष्म भेगा पडतात, धुताना त्या रुंदावतात. मागच्या फिल्ममुळे ती आपोआप स्थिर राहते. ताण पट्ट्याच्या बाकीच्या भागाने घ्यावा.

बाहेरचा पट्टा सुती घेऊ नका. बहुतेक जण इथे चुकतात. सुती किंवा लायक्रा मिसळलेलं सुती कापड वातीसारखं पाणी ओढतं, दहा मिनिटांत दोन इलेक्ट्रोडमधली पट्टी ओली होते आणि प्रवाह स्नायूत न उतरता वरच्या वर निघून जातो. आकुंचन कमी झालं म्हणून रुग्ण प्रवाह वाढवतो आणि मधली त्वचा झोंबू लागते. पॉलिएस्टर किंवा नायलॉनची वीण घ्या, इलेक्ट्रोडमध्ये किमान ४ सें.मी. अंतर ठेवा आणि त्यात पाणी न शोषणाऱ्या फोमची एक आडवी पट्टी द्या.

पाणी किती? ५० चौ.सें.मी.च्या अशा इलेक्ट्रोडला ६ ते ८ मिलिलिटर. सुई नसलेल्या सिरिंजने मोजून द्या. पहिल्या वेळी खोळ पाण्यात बुडवून हलकी पिळून घ्या, मग स्पंजमध्ये हे पाणी सोडा. दाबल्यावर थेंब गळत असतील तर जास्त झालं. पट्टा बांधून तीन-चार मिनिटं थांबा, मगच यंत्र सुरू करा. त्वचेचा वरचा मृत थर तेवढ्या वेळात भिजतो आणि पहिल्या मिनिटांतलं टोचणं निम्म्याहून कमी होतं. इतका साधा उपाय असूनही तो पाळला जात नाही, याचं वाईट वाटतं.

त्याच ओघात: मांडीवर खोबरेल तेल किंवा मॉइश्चरायझर लावलेलं असेल तर आधी साबणाने धुवा, नाहीतर पाणी त्वचेला धरतच नाही. दाट केस कात्रीने किंवा ट्रिमरने कमी करा. वस्तऱ्याने केस काढल्यावर लगेच पट्टा लावू नका, सूक्ष्म जखमा प्रवाह ओढून घेतात.

दाबाकडे तितकंच लक्ष हवं. १० ते २० मि.मी. पारा एवढा दाब बऱ्याच जणांना सुखकर असतो आणि संपर्कही टिकवतो. हा दाब अंदाजाने नको, तो ताणातून काढता येतो: दाब म्हणजे पट्ट्याच्या दर मीटर रुंदीमागचा ताण भागिले अंगाची त्रिज्या. मांडीचा घेर ५० सें.मी., म्हणजे त्रिज्या ८ सें.मी. आपल्याला हवा १५ मि.मी. पारा, म्हणजे २ किलोपास्कल. तर मीटरला १६० न्यूटन ताण लागेल. १५ सें.मी. रुंद पट्ट्यासाठी २४ न्यूटन, म्हणजे सामान तोलायच्या हुकाच्या काट्यावर सुमारे २.४ किलो. पट्टा काट्याने ओढून तेवढा ताण आला की वेल्क्रोवर रंगीत धाग्याने खूण शिवा. घरी रुग्णाने त्या खुणेवर बांधायचं, हाताच्या अंदाजाने आवळायचं नाही. एकच खूण सगळ्यांना चालणार नाही, प्रत्येकासाठी ती वेगळी काढावी लागते.

हे गणित गोल अंगापुरतं. जिथे अंग सपाट किंवा खोलगट आहे तिथे ताण कितीही दिला तरी दाब शून्याजवळ राहतो. फूट ड्रॉपसाठी, म्हणजे पाऊल उचलता येत नाही अशा रुग्णासाठी, फिब्युलाच्या, म्हणजे पायाच्या बाहेरच्या बाजूच्या बारीक हाडाच्या, वरच्या डोक्याखालच्या पेरोनिअल नसेवर पट्टा बांधतात. ही उपचारपद्धती लिबरसन आणि सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये मांडली, आणि तिथली मुख्य अडचण आजही हीच आहे: हाडाच्या उंचवट्यावर इलेक्ट्रोड रुततो आणि शेजारच्या खळग्यात अधांतरी राहतो. तिथे सपाट फोमऐवजी मधे १० ते १२ मि.मी. फुगीर आणि काठाकडे निमुळता फोम कापा, आणि इलेक्ट्रोड लहान, साधारण ४ ते ५ सें.मी. व्यासाचा ठेवा. मांडीवर आतल्या बाजूचा, गुडघ्याच्या वाटीच्या चार बोटं वर येणारा भाग असाच फसवा आहे. गुडघा वाकवला की तिथलं कापड उचलतं. म्हणून पट्ट्याचं माप गुडघा सरळ आणि ६० अंश वाकवून, अशा दोन्ही स्थितींत घ्या. पट्टा फिरला की इलेक्ट्रोड स्नायूच्या मोटर पॉइंटवरून, म्हणजे स्नायू सर्वात सहज आकुंचतो त्या जागेवरून, सरकतात आणि त्याच आकुंचनासाठी जास्त प्रवाह लागतो. वाटीसाठी पट्ट्यात गोल खिडकी ठेवली, तर रुग्णाला तो दर वेळी त्याच जागी बसवता येतो.

जोडणी हा सर्वात आधी तुटणारा भाग. स्टीलचं टिच बटण इलेक्ट्रोडच्या मधोमध ठोकण्याची पद्धत सोडा. त्याची मागची बाजू कठीण असते, तिथे दाब आणि प्रवाह दोन्ही एकवटतात आणि भोकाभोवती कापड फाटत जातं. चांदीच्या कापडालाच २ सें.मी. रुंदीची शेपटी ठेवून कापा, ती फिल्मच्या काठावरून मागे वळवा आणि बटण तिथे, कोरड्या बाजूला, मागे रेक्झीनचा तुकडा देऊन बसवा. शेपटीची त्वचेकडची बाजू पूर्ण टीपीयूने झाका. वाहक धाग्याने वाट शिवायची असेल तर झिगझॅग टाका घाला, दोन-तीन समांतर ओळी घाला, म्हणजे एक तुटली तरी वाट बंद होत नाही. डाग देऊन (सोल्डर करून) जोडू नका, नायलॉन जळतं.

इतर साहित्याबद्दल थोडक्यात. तांबं किंवा निकेलचा मुलामा स्वस्त असतो, पण घामाने हिरवट पडतो आणि निकेलची अ‍ॅलर्जी बऱ्याच जणांना असते, म्हणून अंगाजवळ नको. स्टीलचा धागा धुण्याला चिवट, पण ताठ. खोळीच्या मागे तो चालतो. कार्बन मिसळलेलं सिलिकोन पुसून वर्षानुवर्षं वापरता येतं. रोज अनेक रुग्ण येत असतील आणि धुण्याची सोय नसेल, तर त्यावर ओली खोळ चढवणं चांदीपेक्षा व्यवहार्य आहे. घरच्या वापरात, घडी घालता येणाऱ्या, हवा खेळणाऱ्या पट्ट्यासाठी चांदीची वीणच बरी.

धुण्याने बिघडतं, त्याचंही मुख्य उत्तर खोळीतच आहे. रोज धुवायची ती खोळ. चांदीचा भाग प्रत्येक वापरानंतर साध्या पाण्यात विसळायचा, घामातलं मीठ निघून जाण्यासाठी, आणि सावलीत पसरून वाळवायचा. आठवड्यातून एकदा ३० अंशांच्या पाण्यात सौम्य द्रव साबणाने, हाताने. मशिनच घालायचं तर जाळीच्या पिशवीत. क्लोरिनचं ब्लीच चांदी खातं, फॅब्रिक कंडिशनर तिच्यावर मेणचट थर चढवतो, पिळल्याने मुलामा तडकतो. कापड काळसर पडलं म्हणून घाबरू नका. देवघरातली चांदीची भांडी गंधकामुळे काळवंडतात तसंच ते आहे, आणि पातळ थर असेल तर कामात फरक पडत नाही. काही रबरी इलॅस्टिकमध्येही गंधक असतं, ते चांदीला लागून शिवू नका. भांडी उजळायची पावडर किंवा पेस्ट मात्र कधीही लावू नका, मुलामा इतका पातळ असतो की घासताच जाईल. इलेक्ट्रोड केव्हा बाद करायचा? कोरड्या कापडावर मल्टिमीटरने एकाच अंतरावर आठ-दहा ठिकाणी अवरोध मोजा. सरासरी नव्या कापडाच्या तिपटीवर गेली तरी एकवेळ चालेल, पण एखाद्या ठिकाणी वाचन शेजाऱ्यापेक्षा दहापट आलं तर तो तुकडा टाकून द्या.

माणसावर लावण्याआधी यंत्र ५०० ओहमच्या रेझिस्टरला जोडा, त्याच्याबरोबर एकसर (सिरीजमध्ये) १० ओहमचा रेझिस्टर ठेवा आणि बॅटरीवर चालणाऱ्या ऑसिलोस्कोपने या दुसऱ्यावरचं व्होल्टेज पाहा. ५० मिलिअँपिअरला ते ०.५ व्होल्ट दिसलं पाहिजे, आणि दोन्ही दिशांचं क्षेत्रफळ सारखं हवं. एका दिशेचा थोडासाही सतत प्रवाह असेल, तर चांदीचे आयन त्वचेकडे ढकलले जातात, डाग पडतात आणि रासायनिक भाजणं होतं. म्हणून इंटरप्टेड गॅल्व्हॅनिक (एकाच दिशेचा, थांबून-थांबून दिलेला प्रवाह) किंवा आयन्टोफोरेसिससाठी (प्रवाहाने औषध त्वचेत ढकलणं) हा पट्टा अजिबात वापरू नका.

मग संपर्काची चाचणी. पट्ट्याच्या आत मांडीवर टिश्यू पेपर ठेवून ओला इलेक्ट्रोड खुणेवर बांधा, दहा सेकंदांनी काढा. ओला ठसा पूर्ण आणि सलग हवा. मधे कोरडी बेटं दिसली तर पाणी वाढवू नका, त्या जागी फोम वाढवा. शेवटी तेवढ्याच क्षेत्रफळाच्या नव्या जेल पॅडशी तुलना करा: समान प्रवाहाला, मांडीच्या त्याच जागी, यंत्राच्या टोकांवरचं व्होल्टेज दर पाच मिनिटांनी, अर्धा तास. कापडाचं वाचन जेलच्या दीडपटीच्या आत राहिलं तर रचना जमली. वीस मिनिटांनंतर चढू लागलं तर साठा कमी पडतोय, स्पंज १ मि.मी.ने जाड करा.

इलेक्ट्रोड सुकल्यावर काय होतं हे यंत्रावर अवलंबून आहे. ठरलेला प्रवाह देणारं यंत्र व्होल्टेज वाढवत जातं आणि उरलेल्या ओल्या ठिपक्यातून सगळा प्रवाह ढकलतं, त्यातून भाजतं. ठरलेलं व्होल्टेज देणाऱ्या साध्या यंत्रात प्रवाह कमी होतो, रुग्ण बटण वाढवतो आणि घाम आला की अचानक झटका बसतो. म्हणून व्होल्टेज मर्यादेला टेकताच प्रवाह शून्यावर आणणारं आणि पुन्हा सुरू करताना किमान दोन सेकंदांत हळूहळू चढवणारं यंत्रच कापडी इलेक्ट्रोडसोबत वापरा.

पेसमेकर असलेल्यांना, गरोदरपणी पोट-कमरेवर, मानेच्या पुढच्या बाजूला, छातीतून आडवा, शिरेत गुठळीची शंका असताना किंवा फुटलेल्या त्वचेवर हे उत्तेजन द्यायचं नसतं. जेलसाठीचे हे नियम कापडालाही तसेच लागू आहेत. वापरानंतरची हलकी, एकसारखी लाली अर्ध्या तासात ओसरते. ठिपक्याठिपक्यांची लाली किंवा काठावरची रेघ म्हणजे संपर्क असमान होता, आणि दुसऱ्या दिवशीही ती दिसत असेल तर पट्टा थांबवून डॉक्टरांना दाखवा. मधुमेहामुळे किंवा नसेच्या इजेमुळे ज्यांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना टोचणं जाणवतच नाही. अशा व्यक्तीला हा पट्टा एकट्याने वापरायला देऊ नका. फिजिओथेरपिस्टने संमती दिली असेल, तरच घरच्या कोणीतरी दर वेळी आधी ओला ठसा घेऊन पाहावा आणि पहिल्या पाच मिनिटांनी पट्टा उघडून त्वचा तपासावी.